माघी पौर्णिमेचं गिरान

दिवाळी सरली की आमच्या देवळाली प्रवरेच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर यायला लागतात. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, पाण्याची पिंपं, तारेच्या पिंजऱ्यात कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर, जिथे जागा सापडेल तिथे, माणसं. पाथर्डी-शेवगावकडच्या कोरडवाहू गावांतली ही माणसं सहा महिने ऊस तोडायला येतात. त्याच दिवसांत संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा घोस वर चढलेला दिसायला लागतो. माझ्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना कायमच्या चिकटल्या आहेत. ट्रॅक्टरचा आवाज आला की मी दारात येते आणि ट्रॉलीतल्या बायकांची तोंडं बघते. कुणाला शोधते ते मला ठाऊक आहे. ती दिसणार नाही, हेही ठाऊक आहे.

आठ वर्षं झाली त्या हंगामाला. मी तेव्हा एका संस्थेच्या साखरशाळेत शिकवत होते. ऊसतोडीला येणाऱ्या आईबापांबरोबर मुलंही गावची शाळा सोडून येतात, त्यांच्यासाठी हंगामापुरती भरणारी ती शाळा. शाळा म्हणजे एका मोकळ्या वावरात उभा केलेला पत्र्याचा आडोसा. समोरच मजुरांचा अड्डा होता. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या साठ-सत्तर कोप्या, दोन ओळींत. कोपीत शिरताना वाकावं लागे आणि आत गेल्यावरही वाकूनच वावरावं लागे. माझा नवरा सुप्याला कारखान्यात शिफ्टवर होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा, आणि मुलगा आजोळी शिकायला होता. संध्याकाळी मला काही काम नसायचं, आणि माझ्याजवळ दुर्बीण होती.

दुर्बीण मोठी नव्हती. पुण्याला एका शिबिरात, रविवार-रविवार जाऊन, तिचा आरसा मी स्वतः घासून तयार केला होता. काचेवर काच फिरवत राहायची, तासन् तास, हाताला मुंग्या येईपर्यंत. पहिल्यांदा त्या आरशातून शनीची कडी दिसली तेव्हा मी दुसऱ्या कुणाला बघू न देता कितीतरी वेळ डोळा लावून बसले होते. कॉलेजपासूनचं ते वेड. आकाश कुणाचं नसतं, त्याला दार नसतं, तिथे जात विचारत नाहीत, असं काहीबाही मी तेव्हा भाषणांतून बोलायची. त्यातलं काही खोटं नव्हतं. आता मात्र ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

अड्ड्यावरच्या माणसांना आकाश शिकवायला मी निघाले, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की त्यांना ते येतं. भामाबाई म्हणून साठीच्या घरातली एक बाई होती. अख्ख्या टोळीला पहाटे उठवायचं काम तिचं. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण चार्जिंगची सोय नव्हती, आणि भामाबाईला त्यांची गरजही नव्हती. मृगातले ते एका ओळीतले तीन तारे, त्यांना ती तिकांडं म्हणायची. "दिवाळी झाली की तिकांडं डोक्यावर आलं म्हंजी उठायचं," तिनं मला सांगितलं, "आन् संक्रांत झाली की त्ये मावळतीला उतरलं म्हंजी. रोज रोज जरा जरा सरकतं. आपन बी सरकायचं." मी घरी येऊन ताऱ्यांचा तक्ता काढून पडताळलं. दोन्ही वेळा तीन वाजत होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईनं पृथ्वीचं सूर्याभोवतीचं फिरणं कोयत्याच्या कामाला बरोबर जुळवून घेतलं होतं.

मनीषा तिची सून. एकोणीस वर्षांची, सावळी, बोलताना तोंडावर हात धरणारी. नववीपर्यंत शिकलेली होती आणि त्याची तिला आठवण होती. फडातून लवकर परतली की हातपाय धुऊन ती आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला येऊन बसायची. मुलांचं भूगोलाचं पुस्तक मांडीवर घ्यायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुला बसायचंय का वर्गात?" तर म्हणाली, "न्हाई बाई, मी नुस्ती ऐकते." पाचवा महिना चालू होता तिला तेव्हा. पदर पुढून घट्ट खोचलेला असायचा म्हणून मला ते कळायलाही आठ दिवस गेले.

त्या पौषात पहाटेच्या आकाशात गुरू आणि मंगळ अगदी शेजारी आले होते. मी एका पहाटे चार वाजता दुर्बीण घेऊन अड्ड्यावर गेले. थंडी अशी की नळीच्या पत्र्याला हात लावला तर बोटं चिकटावीत. चुली पेटल्या होत्या, बायका उभ्या-उभ्या भाकरी थापत होत्या, पुरुष बैल जुंपत होते. कुणाला थांबायला सवड नव्हती. मनीषा मात्र भाकरी फडक्यात बांधता बांधता आली आणि डोळा लावला.

"ह्ये शेजारी चार ठिपके कसले?"

"गुरूचे चंद्र आहेत ते."

"चार?" तिनं पुन्हा डोळा लावला. मग हसू दाबत म्हणाली, "मंग तिथं आमुशा कधी व्हत नसंल."

मी आजवर शेकडो जणांना गुरूचे चंद्र दाखवले आहेत. डोळा लावल्यावर लोक "बापरे" म्हणतात, "लहान दिसतो" म्हणतात, मागच्याला जागा देतात. तिथे अमावस्या होते की नाही, हा विचार दुसऱ्या कुणी केलेला मी ऐकला नाही. ती मुलगी माझ्या वर्गात असती तर, हा विचार मला त्या पहाटे आला. घरी जाईपर्यंत तो मला पुरला. ती त्यानंतर लगेच कोयता उचलून बैलगाडीत चढली, चढताना एका हातानं कंबर धरली, हेही मी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं.

ऊस तोडणं हे अर्धंच काम असतं. तोडलेला ऊस साळून, बांधून, त्याची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढून रचायची. फळीला पायऱ्या नसतात, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. बायका अनवाणी चढतात, कारण चपलेनं पाय सरकतो. दिवसभर तोडायचं आणि ट्रक येईल तेव्हा भरायचा. ट्रक कधी येईल हे कुणाच्या हातात नसतं. मी रोज ते बघत होते. पुढे पुढे ते मला रस्त्याकडेच्या झाडांसारखं झालं.

माघी पौर्णिमेला चंद्रग्रहण होतं. चंद्र उगवणार तोच ग्रासलेला, मग खग्रास, आणि पावणेनऊच्या सुमारास सुटणार. इतकी सोयीची वेळ क्वचित मिळते. मी आठ दिवस आधीपासून तयारीला लागले. आदल्या दिवशी सगळ्यांना शाळेपुढे जमवलं. बॅटरी सूर्य झाली, एका पोराचं डोकं पृथ्वी, आणि काठीला टोचलेलं लिंबू चंद्र. लिंबू सावलीत शिरलं की मुलं ओरडायची. बायका मागे उभ्या होत्या, हसत होत्या, पण भामाबाई हसत नव्हती.

"बाई, सावली तर सावली," ती म्हणाली, "पन पोटुशीला गिरान पाळावंच लागतं. हिला मी उद्या कोपीत बसवनार हाय. कोयता धरायचा न्हाई, चिरायचं न्हाई, उचलायचं न्हाई. गप पडून ऱ्हायचं."

हीच तर वेळ होती. याच्यासाठीच तर मी आले होते. मी तिला नीट, प्रेमानं समजावून सांगितलं. चंद्र कुठे, बाळ कुठे, इतक्या लांबची सावली पोटातल्या बाळाला काय करणार. मी स्वतः माझ्या मुलाच्या वेळी ग्रहण पाहिलं होतं, भाजी चिरली होती, तो धडधाकट आहे, हेही सांगितलं. "काही होत नाही, भामाबाई. जे काम रोज करता ते खुशाल करा. घाबरू नका."

टोळीचा मुकादम बाजूला मोटारसायकलवर बसून ऐकत होता. एरवी तो शाळेकडे फिरकत नसे. तो मोठ्यानं म्हणाला, "ऐका जरा. बाई शिकल्याल्या हायेत. उगं जुनंपानं धरून बसू नगा."

मला बरं वाटलं. एवढ्या माणसांत एक तरी माझ्या बाजूचा निघाला, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उसाच्या फडामागून चंद्र वर आला, तो आला हेच आधी कळेना. मावळतीचा उजेड अजून होता आणि पूर्वेला धुरकट, विझत्या निखाऱ्यासारखं काहीतरी लटकलेलं होतं. अंधार पडत गेला तसा तो उमटत गेला. तांबडा, गोल, अगदी जवळ असल्यासारखा. एरवी पौर्णिमेच्या उजेडात बुडून जाणारे तारे त्याच्याभोवती निघून आले. मी पंचवीस वर्षं आकाश बघते आहे. त्याहून सुंदर ग्रहण मी पाहिलेलं नाही. हे मला लिहावं लागतंय याची लाज वाटते, पण ते तसंच होतं.

शाळेपासून शंभर पावलांवर ट्रक उभा होता. तो दुपारी यायचा तो दिवेलागणीला आला होता. बायका घुटमळत होत्या. गरोदर नसलेल्याही घुटमळत होत्या. मुकादमाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "गिरान-बिरान काय नसतंय. काल बाईंनी काय सांगितलं? चला, भरा." आणि भामाबाईचा, "हिला तरी बसू द्या." आणि परत त्याचा, "समद्यांना एकच न्याय. बाईंनाच इचारा, त्या तिथं उभ्या हायेत."

कुणी विचारायला आलं नाही. मी पोरांच्या रांगेत होते, एकेकाला उचलून दुर्बिणीपर्यंत नेत होते. माझं नाव घेतलं गेलं तेव्हा मला अभिमान वाटला, हे मी आठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

मध्येच एकदा मनीषा आली. डोक्यावरची चुंबळ हातात, गालाला उसाचं पाचट चिकटलेलं, श्वास लागलेला. मी पोरांना बाजूला केलं. तिनं डोळा लावला. 

"तांबडा हाय," ती म्हणाली. "आन् गोल हाय. चपटा न्हाई वाटत. हातात घ्यावा आसा."

सपाट तबकडीसारखा चंद्र ग्रहणात चेंडूसारखा गोल दिसतो, ते बघायला शिकवावं लागतं. तिला शिकवावं लागलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ, काही झालं का?"

ती हसली. मुकादमानं हाक मारली, ती गेली. लाल कागद लावलेल्या माझ्या बॅटरीचा उजेड क्षणभर तिच्या पायांवर पडला होता. घोट्यापासून सुजलेले, चकचकीत पाय. त्या रात्रीची माझी वही अजून घरात आहे. तीत ग्रहण सुटायला लागल्याची वेळ आहे, रंगाचं वर्णन आहे, आकाश निरभ्र असल्याची नोंद आहे. पायांबद्दल काही नाही.

सकाळी शाळेत गेले तर पोरं दारातच घोळक्यानं उभी होती. एका मुलीनं सांगितलं, "मनीषाकाकूला राती दवाखान्यात नेलं. लई दुखत हुतं तिला."

मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सातवा पुरा झाला नव्हता. मुलगी होती, श्वास घेतलाच नाही. मनीषाचा नवरा संदीप, तोही बावीस-तेवीसचा पोरगाच, फडक्यात गुंडाळलेलं ते बोचकं दोन्ही हातांवर घेऊन आवारातल्या कडुलिंबाखाली उभा होता. कुठे जायचं ते त्याला माहीत नव्हतं. आपलं गाव नाही, आपली स्मशानभूमी नाही. शेवटी ओळखीच्या एका शेतकऱ्यानं कालव्याच्या कडेला जागा दाखवली.

डॉक्टरीणबाई तरुण होती, रात्रभर जागलेली. मी विचारण्याआधीच ती चिडून बोलली. अंगात रक्त नाही, पायांना सूज, आणि अशा बाईला काल रात्रीपर्यंत डोक्यावर ओझी घेऊन फळीवर चढवत होते. "आणि बाहेर सगळ्या म्हणताहेत, ग्रहणानं गेलं. ग्रहणाचा काय संबंध?"

"काही नाही," मी म्हणाले.

खरंच काही नव्हता. मला ते तिच्याइतकंच ठाऊक होतं. पण बाहेर बाकावर भामाबाई बसली होती, आणि तिच्याजवळ जाऊन ते वाक्य बोलायला माझी जीभ उचलेना. मी तिच्याशेजारी बसले. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात, समजावून सांगितल्यासारखी बोलली.

"बाई, तुमी शिकल्याल्या. तुमाला गिरान कळतं. मला त्यातलं काय कळत न्हाई. पन मला तीन लेकरं झाली, तिन्ही याच कामात झाली. बाळतीन झाले तरी चौथ्या दिशी फडात. सासू म्हनायची, मुकादम आईचं ऐकत न्हाई, बापाचं ऐकत न्हाई, गिरानाचं ऐकतो. सबंद सालात पोटुशी बाई ज्या दिशी हक्कानं पडून ऱ्हाती, त्यो ह्यो एकच दिस. गिरानाचा." मग ती म्हणाली, "तेवढा बी तुमी काढून घेतला."

दवाखान्याच्या भिंतीला निळा रंग होता आणि तो खालून पोपडे धरून सुटत होता. मी तिकडे बघत बसले.  

मी मुकादमाकडे गेले. मला भांडायचं होतं, कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला राहवत नव्हतं. तो चहा पीत होता. त्यानं मला खुर्ची दिली. "बाई, वाईट तर मलाबी वाटतंय," तो म्हणाला. "पन मी काय केलं? तुमीच तर म्हनलात, रोजचं काम खुशाल करा. मी तुमचंच ऐकलं." त्याच्या डोळ्यांत लबाडी होती का, ते मी शोधलं. सापडली असती तर मला आधार झाला असता. तो साधेपणानं बोलत होता, कप बशीत नीट ठेवत होता.

अड्ड्यावर तर सगळं ग्रहणावरच गेलं. मुकादमाला कुणी बोल लावला नाही, ट्रक उशिरा पाठवणाऱ्याला नाही, सरकारला नाही, मलाही नाही. चंद्राला गिरान लागलं, पोटुशीनं ते पाहिलं, लेकरू गेलं. विषय संपला. मी ज्या अंधश्रद्धेवर बोलत आले होते, तिनंच मला पाठीशी घातलं. संध्याकाळी दुर्बीण बघायला येणारी पोरं यायची थांबली. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. ती आपणहून थांबली.

सातव्या दिवशी मनीषा फडात गेली. तिला दूध आलं होतं. भामाबाईनं छातीला जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधून दिली होती, तरी ब्लाऊज ओला व्हायचा आणि त्यावर उसाची कुसं चिकटून बसायची. ती शाळेच्या मागे यायची बंद झाली. रस्त्यात दिसली तर थांबायची, "बरी हाय" म्हणायची आणि जायची. माझ्याकडे बघायची नाही असं नाही. बघायची. वर मात्र बघायची नाही. पहाटे सगळी टोळी बैलगाडीत चढताना सवयीनं एकदा आभाळाकडे मान करते, वेळ किती झाली ते बघायला. ती खाली बघत चढायची.

होळीनंतर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. कोप्या मोडल्या, ट्रॉल्या भरल्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी मनीषा आपणहून शाळेत आली. मी वह्या बांधत होते. भूगोलाचं ते पुस्तक मी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. तिनं ते हातात घेतलं, दोन पानं चाळली आणि परत ठेवलं.

"बाई, गिरान सुटायला किती येळ लागतो?"

मी सांगितलं. त्या दिवशी तांबड्यापासून पुरता पांढरा व्हायला तासभर लागला.

"मी मोजत हुते," ती म्हणाली. "तुमी म्हनला व्हता ना, सावली हळूहळू सरती. मंग मी फळीवर चढले की वर बघायची. कड पांढरी झाली तितून समदा पांढरा होईस्तोवर एकवीस मोळ्या झाल्या."

 ती माझ्यापेक्षा नीट निरीक्षण करत होती. तिच्याजवळ घड्याळ नव्हतं म्हणून तिनं जे हाताशी होतं त्यानं मोजलं.

"आत्याबाई म्हनत्यात गिरानानं झालं," ती पुढे म्हणाली. "डाक्टरीन म्हनली वज्यानं झालं. तुमाला काय वाटतं?"

"ओझ्यानं, मनीषा."

"मला बी आसंच वाटतं." तिनं मान हलवली. "पन वझं म्हनलं की मंग पुढल्या साली काय करायचं? गिरान रोज न्हाई येत. वझं रोज हाय."

ती गेली. पुढच्या हंगामात टोळी आली, त्यात ती नव्हती. भामाबाई म्हणाली, माहेरी हाय, तब्येत धरत न्हाई. त्याच्या पुढच्या वर्षी भामाबाईही आली नाही. कुणी सांगितलं, ते सगळे आता कर्नाटकात जातात, तिकडच्या एका कारखान्याला. त्याहून जास्त मला काही कळलं नाही. फोन नंबर होता तो लागत नाही.

साखरशाळाही बंद पडली. मी गावातल्या हायस्कुलात लागले. विज्ञान शिकवते. ग्रहणाचा धडा दरवर्षी येतो, बॅटरी आणि लिंबू घेऊन शिकवते, आणि एकही शब्द खोटा सांगत नाही. कारण ती सावलीच असते, आणि ती कुणाला काही करत नाही. एवढं शिकवून तास संपतो. पुढचं सांगायला अभ्यासक्रमात जागा नाही. मला ती जागा करता यायला हवी होती, पण वर्गात पुढच्या बाकावर बागायतदारांच्या मुली असतात आणि मागच्या खिडकीतून उसाचे ट्रक जाताना दिसतात, आणि कुठून सुरुवात करायची ते मला समजत नाही.

आकाश बघणं मी सोडलेलं नाही. लोकांना वाटतं, अशा प्रसंगानंतर सुटतं. सुटत नाही. उलट एखाद्या स्वच्छ पहाटे गच्चीवर गेले आणि मृगाचे तीन तारे मावळतीला उतरलेले दिसले की माझ्या मनात आधी वेळ येते, आणि मग इथून चार-पाच किलोमीटरवरच्या अंधारात आत्ता कितीजणी उठल्या असतील, ते. पूर्वी तारे बघताना मला पृथ्वी विसरायला व्हायचं. तेच तर सुख होतं. ते गेलं, आणि ते गेलं याचं मला फार दुःख नाही.

यंदा फाल्गुनातल्या पौर्णिमेला पुन्हा ग्रहण आलं. आपल्याकडे चंद्र उगवेल तोवर सुटत आलेलं, दहा-बारा मिनिटं दिसेल न दिसेल एवढंच. शाळेनं विचारलं, दुर्बीण लावणार का. मी नाही म्हणाले. आदल्या संध्याकाळी मी कालव्यापलीकडच्या अड्ड्यावर गेले. माझ्या ओळखीचं तिथे कुणी नव्हतं. नवा मुकादम तिशीतला, दोन मोबाईल खिशात. टोळीत पोटुशा किती, असं मी सरळ विचारलं. तो म्हणाला, तिघी.

"उद्या ग्रहण आहे," मी म्हणाले. "तिघींना बाहेर काढू नका. पंचांगात पहाटेपासून वेध आहेत. कोयता धरायचा नाही, ओझं उचलायचं नाही. कोपीतच राहू दे दिवसभर."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "तुमी त्या हायस्कुलातल्या सायन्सच्या बाई ना?"

"हो. म्हणूनच सांगायला आले."

तो एकदम गंभीर झाला. "बरं झालं सांगितलं," तो म्हणाला. "न्हाई काढत. इषाची परीक्षा कशाला बघायची." मागे मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अशाच एका मुकादमाकडे गेले होते, दोन वेळा. दोन्ही वेळा ती चिठ्ठी वाचून त्यानं माझ्या हातात परत दिली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बघायला गेले. तीन-साडेतीन झाले असतील. अड्डा रिकामा होता, कुत्री आणि दोन म्हाताऱ्या तेवढ्या मागे राहिलेल्या. त्या तीन पोटुशींतल्या दोघी एका कोपीत बसून गप्पा मारत होत्या. तिसरी वेगळी बसली होती, शेवटच्या कोपीत, गुडघे जवळ घेऊन. वयानं अगदी लहान. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"बाई, खरंच काय हुतं का वो गिरानानं?"

मी तिच्या पायांकडे बघितलं. सुजलेले होते.

"होतं," मी म्हणाले. "तू आडवी हो."

दारातली म्हातारी म्हणाली, "गिरानात निजू ने म्हनत्यात."

"चंद्र उगवेपर्यंत चालतं," मी म्हणाले. असा नियम कुठेही नाही. तो मी तिथे उभी राहून केला.

पोरीनं एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गोधडी ओढून कुशीवर वळली. पाचटाच्या भिंतीतून उन्हाचे कवडसे तिच्या अंगावर पडत होते. मी बाहेर म्हातारीजवळ बसले. पाच मिनिटांत आतून घोरण्याचा बारीक आवाज यायला लागला.